धडधाकटांनाच

इंग्रजीत एक जोडविशेषण आहे, 'एबल-बॉडीड'. दोन शब्द, मध्ये आडवी रेघ. बहात्तर सालच्या दुष्काळात ते माझ्या टेबलावर आलं. मी त्याचं मराठी केलं, आणि त्या मराठीनं एका बाईला बारा दिवस दगडांच्या ढिगाशेजारी बिननावाची बसवून ठेवली. त्याला आता सहा-सात वर्षं झाली. मित्र म्हणतात, "एका शब्दावर इतकं काय चिडायचं?" मी चिडतो. शब्दामुळे ज्यांचं जेवण कधी चुकलेलं नाही, त्यांनी शब्दांविषयी शांत राहावं. मला ते जमत नाही.

माझं वाचन पत्रकांवर झालं. आबा, म्हणजे माझे वडील, जळगावात एका लहान छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. घरी पुस्तकं विकत आणण्याची सोय नव्हती, पण छापताना बिघडलेले कागद आबा रोज पिशवीतून आणायचे. एक बाजू छापील, दुसरी कोरी. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचो आणि छापील बाजू वाचायचो. जिनिंगमधल्या कामगारांच्या मागण्या, नळाला पाणी नाही म्हणून निषेध, केळीला वॅगन मिळत नाहीत म्हणून सभा. शाळेत निबंध आला तर मी लिहायचो, "गाय हा उपयुक्त प्राणी आहे आणि तिची उपयुक्तता मान्य झालीच पाहिजे!" मास्तर पोट धरून हसायचे. मला कळायचं नाही की हसण्यासारखं काय आहे. आवाज न चढवता लिहिता येतं, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं, आणि तेव्हाही फारसं पटलं नाही.

इंग्रजी घेऊन बी. ए. झालो. नोकरी मिळाली ती धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या कचेरीत, हंगामी कारकुनाची. दुष्काळ पडला होता म्हणून जागा निघाली होती. मला आलेली ही पहिली संधी लोकांच्या उपासमारीतून आलेली आहे, हे मी स्वतःला रोज सांगायचो. सांगून मला फार तत्त्वनिष्ठ वाटायचं.

त्या वर्षी डोंगराच्या बाजूच्या गावांत ज्वारी उगवून गुडघ्याएवढी झाली आणि तिथेच वाळली. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी थापल्या तर तव्यावर तडकायच्या. कामं निघाली होती. कुठे पाझर तलाव, कुठे नालाबांध, आणि बऱ्याच ठिकाणी रस्त्यासाठी खडी फोडणं. कामावर नाव असेल त्याला मजुरी आणि दुपारी सुकडी. सुकडी म्हणजे पीठ, तेल, गूळ एकत्र करून वाटायचा तो कोरडा खाऊ. नाव नसेल तर दोन्ही नाही.

कोणाचं नाव घ्यायचं याविषयी वरून एक इंग्रजी कागद आला. हेडक्लार्कनं तो माझ्यासमोर टाकला आणि म्हणाला, "तुम्ही इंग्रजीवाले. चार ओळींची मराठी नोटीस करा. सगळ्या कामांवर लावायची आहे."

अंगमेहनतीच्या कामाची तयारी असलेल्या एबल-बॉडीड स्त्री-पुरुषांना काम दिलं जाईल, असं त्यात होतं. मी पेन्सिल घेऊन बसलो. 'सशक्त' लिहिलं आणि खोडलं, ते टॉनिकच्या बाटलीवरचं वाटलं. 'सुदृढ' लिहिलं, तर डोळ्यांपुढे बाळांच्या स्पर्धेतली गुटगुटीत बाळं आली. 'काम करण्यास समर्थ' हे बरोबर होतं, पण मिळमिळीत होतं. मग 'धडधाकट' सुचला. तोंड भरून उच्चारावा लागतो, डफावर थाप पडल्यासारखा वाजतो, आणि अंगठा उठवणाऱ्या माणसालाही वाचून दाखवला की कळतो. मी लिहिलं, "दुष्काळी कामांवर धडधाकट स्त्री-पुरुषांनाच काम मिळेल." दोनदा मोठ्यानं वाचलं. हेडक्लार्क म्हणाला, "वा! याला म्हणतात मराठी." स्टेन्सिल कापलं, सायक्लोस्टाइलवर कागद काढले, आणि खळ लावून ते पाच कामांवरच्या पाच फळ्यांवर चिकटले. त्या दिवशी मी कँटीनमध्ये स्वतःहून हेडक्लार्कला चहा पाजला.

पंधरा दिवसांनी मस्टरचे, म्हणजे हजेरीपटाचे, कोरे कागद द्यायला मी एका कामावर गेलो. पायथ्याच्या एका गावाला जाणारा रस्ता होता. दोन्ही बाजूंना बायका-माणसं उन्हात पाय पसरून बसलेली, पुढ्यात मोठे दगड, हातात लहान हातोडी. दगड उडू नये म्हणून त्याभोवती दोरीचं वेटोळं, आणि बोटांना सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या. फुटलेला तुकडा लोखंडी कड्यातून पार झाला पाहिजे, नाहीतर पुन्हा फोडायचा. एकसारखा ठकठक आवाज होता.

रांगेपासून हातभर मागे एक पन्नाशीची बाई बसली होती. तिचा ढीग इतरांपेक्षा मोठा होता, आणि तुकडे सुपारीसारखे एकमाप. पण तिला पाणीवाल्यानं पाणी दिलं नाही, आणि कारकुनानं हजेरी घेताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ही बाई कोण?" मी मस्टर कारकुनाला विचारलं.

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"म्हणजे मस्टरवर नाही. पाय बघा ना तिचा." त्यानं छत्रीच्या टोकानं फळ्याकडे दाखवलं. "काय लिहिलंय? तुमच्याच कचेरीचा कागद आहे, भाऊ. गेल्या बाजाराच्या दिवसापासून येऊन बसतेय. सांगतोय घरी जा म्हणून, ऐकत नाही."

बाईचा डावा पाय मांडीपासून वाळलेला होता आणि घोटा आत वळलेला. शेजारी एक टेकायची काठी पडली होती. तरुणपणी मोहाच्या झाडावरून पडली, हाड तसंच वाकडं सांधलं, असं मागाहून कळलं. मुलगा आणि सून ऊस तोडायला गुजरातकडे गेले होते. घरात ती एकटी. सगळे तिला अक्का म्हणत.

मी पाहतोय हे तिच्या लक्षात आलं. हातोडी न थांबवता ती म्हणाली, "काय देखी ऱ्हायना रे भाऊ? पाय देखी ऱ्हायना का?"

मी पटकन नजर फळ्याकडे वळवली.

"दगड हातघाई फुटस. पायघाई नही."

पुस्तकी मराठीत हातघाई म्हणजे झटापट. आमच्या खानदेशी बोलीत हातघाई म्हणजे नुसतं हातानं. दगड हातानं फुटतो, पायानं नाही.

"कागदवर काय लिखेल शे? वाची दखाड," ती म्हणाली.

मी वाचलं. माझंच वाक्य, माझ्याच तोंडानं. या वेळी ते डफासारखं वाजलं नाही.

"धडधाकट म्हंजे?"

"म्हणजे... हातपाय नीट असलेला."

"मंग मना तीन नीट शेतस ना. दोन हात, एक पाय." तिनं दगडावर एक घाव घातला, दगडाचे बरोबर दोन तुकडे झाले. "तुना कचेरीमा खुर्चीवर बठाले किती पाय लागतस रे भाऊ?"

पलीकडची एक बाई पदरात तोंड लपवून म्हणाली, "खुर्चीले चार लागतस अक्का. माणूसले एक बी नही."

सगळी रांग हसली. कारकूनही हसला. मी हसलो नाही. हसण्याचा अधिकार तिथे फक्त मलाच नव्हता.

"मग तू इथे बसतेस कशाला, अक्का? नाव नाही तर मजुरी नाही," मी म्हटलं.

"घर बशीसन काय करू? आठे बठनू ते कोनी तरी देखी." इथे बसलं तर कोणीतरी बघेल, असं तिचं म्हणणं. मग जरा आवाज उतरवून तिनं पुढं सांगितलं ते असं, की तिचा ढीग संध्याकाळी त्या पलीकडच्या बाईच्या ढिगात जातो, आणि त्या बाईच्या सुकडीतली अर्धी सुकडी हिच्याकडे येते. दोन बायकांनी आपसांत ठरवलेलं होतं. सरकारी खडी अक्काच फोडत होती. सरकारच्या कागदावर अक्का नव्हती.

ते वाक्य मी लिहिलंय, हे मी तिला सांगितलं नाही. परतताना सायकलवर मी संतापलो होतो, पण कोणावर? गोऱ्या साहेबांच्या भाषेवर. दीडशे वर्षं राज्य करून गेले आणि जाताना अशी विशेषणं ठेवून गेले. माणसाला बाजारातल्या बैलासारखं दात-खूर बघून पारखणारी! मनात पत्रक तयार व्हायला लागलं. "एका परकीय विशेषणाचा जाहीर निषेध." मथळासुद्धा झाला होता.

शनिवारी दुपारी एस. टी. पकडून धुळ्यामार्गे जळगावला गेलो. मूळ इंग्रजी कागदाची नक्कल आणि माझी नोटीस, दोन्ही खिशात. रविवारी सकाळी मेहरूणला सरांकडे गेलो. सरांनी मला शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, आता निवृत्त होऊन ते तिथल्या तलावाच्या बाजूला राहत. तलाव खूप आत सरकला होता, काठावरच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. सरांचा शब्दकोश इतका जाड होता की त्याला स्वतःचा पाट होता. भिंग लावून सर वाचू लागले आणि मी वहीत उतरवू लागलो.

"एबल," सर म्हणाले. "मूळ लॅटिन. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. मूळ अर्थ बघ काय गमतीचा आहे. 'हातात धरायला सोपं.' धरणे या धातूपासून झालेला शब्द. जे अवजार हातात नीट बसतं ते एबल. मग त्यावरून कामाला येणारं, मग त्यावरून काम करू शकणारा."

"म्हणजे हाताचा शब्द?"

"हाताचाच म्हण. पायाचा तर नक्की नाही."

मला अक्काची हातोडी आठवली. दगड हातघाई फुटस. ती बाई लॅटिन शिकलेली नव्हती.

"बॉडी," सरांनी पान उलटलं. "हा त्यांचा घरचा जुना शब्द. आधी अर्थ छाती, धड. पुढे सगळं शरीर. त्याच्या मागे काय, ते कोशकारालाही माहीत नाही, तसं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलंय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तू मराठीत काय केलंस?"

"धडधाकट."

सर हसले. "म्हणजे बॉडी बरोबर आणलीस, अगदी धडासकट. एबल मात्र वाटेत सांडलास."

मला झोंबलं. मी विचारलं, "पण सर, हा शब्द माणसाला कामावरून हाकलण्यासाठीच केलेला असणार ना?"

"उलट. आधी खलाशांसाठी, शिपायांसाठी वापरायचे. मग त्यांच्याकडे गरिबांसाठी कायदे झाले. जो एबल-बॉडीड असेल त्याला फुकट भाकरी द्यायची नाही, कामाला जुंपायचं. लंगडा, आजारी, म्हातारा असेल त्याला निदान बसून मदत मिळायची."

मी उठून उभा राहिलो. तिकडे हा शब्द माणसाला फुकटची भाकरी नाकारत होता आणि काम लादत होता. आमच्याकडे तोच शब्द काम नाकारत होता, आणि फुकटची भाकरी तर नव्हतीच. म्हणजे त्यांच्या क्रूरपणाचाही आम्ही अर्धाच भाग घेतला, आणि जो घेतला तो उलटा करून. एका शब्दात दोन देशांचा निर्दयपणा! माझं पत्रक आता दुप्पट लांब होणार होतं.

"बस. चहा घे," सर म्हणाले.

"चहा नको सर, छापखान्यात जायचंय."

तंबूतल्या सिनेमाचं एक घाईचं हँडबिल होतं, म्हणून रविवार असूनही छापखाना उघडा होता. एका कोपऱ्यातल्या बाकावर बसून मी पत्रक पुरं केलं. आबा खिळ्यांच्या पेटीसमोर उभे होते, डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, बोटं काळी. मी पत्रक त्यांच्यापुढे धरलं.

"आबा, हे एवढं लावून द्या. कागदाचे मी देतो."

आबांनी वाचलं. आबा वाचताना ओठ हलवत नसत, बोटं हलवत, खिळे उचलल्यासारखी.

"चांगलं तापलंय," ते म्हणाले. "मूळ प्रत कुठे आहे?"

"कशाची?"

"ज्याच्याविषयी लिहिलंस त्याची. इंग्रजी कागद आणि तुझी नोटीस. ताडून पाहिल्याशिवाय मी ओळ लावत नाही, ठाऊक आहे तुला."

मी दोन्ही कागद दिले. खरं तर मला हसू आलं. आबांची शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी वाचायला येत नव्हतं. पण चाळीस वर्षं इंग्रजी अक्षरं उलटी जुळवून त्यांना ती चेहऱ्यानं ओळखता येत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि इंग्रजी कागदावरून बोट फिरवत गेले, हळूहळू, एकेका शब्दावर थांबत. मग परत वरून खाली. मग सिनेमाच्या हँडबिलाच्या जुळवलेल्या मजकुरातून त्यांनी चार मोठे खिळे उपसले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

"काय आहे हे?"

मी उलट वाचलं. "ओन्ली."

"तीन दिवस ओन्ली. प्रौढांसाठी ओन्ली. मला इंग्रजीतला हा एक शब्द पक्का पाठ आहे, सारखा लागतो म्हणून. याचा अर्थ फक्त. आपल्याकडे 'च'. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे चार खिळे या कागदात दाखव."

मी कागद घेतला. एकदा वाचला. पुन्हा वाचला. अंगमेहनतीच्या कामाची तयारी असलेल्या एबल-बॉडीड स्त्री-पुरुषांना काम दिलं जाईल. दिलं जाईल, एवढंच. बाकीच्यांना देऊ नये असं कुठेही नव्हतं. ओन्ली नव्हता.

"तुझ्या नोटिशीत 'पुरुषांनाच' आहे," आबा म्हणाले. "तो 'च' कोणी घातला?"

मी माझी नोटीस उचलून पुन्हा पाहिली.

"सांग ना. गोऱ्या साहेबानं घातला?"

"जोर यावा म्हणून... वाक्याला वजन नव्हतं, आबा."

"आलं की वजन. कोणावर पडलं?"

छपाईयंत्रावरचा मशीनवाला दुसरीकडे बघू लागला. माझ्या तळहातावर ते चार खिळे होते, शिशाचे, गार. लहानपणापासून ज्या पत्रकांवर मी वाढलो त्या पत्रकांच्या प्रत्येक ओळीत तो 'च' होता. मिळालाच पाहिजे, झालाच पाहिजे. तिथे तो मागणाऱ्याच्या तोंडी होता. मी तो उचलून देणाऱ्याच्या तोंडी घातला आणि मला वाटलं, काय सुंदर वाक्य झालंय.

"हे मी लावत नाही," आबांनी पत्रक परत दिलं. "आधी तुझा तो 'च' काढ. मग निषेध कर, मी रात्रपाळी करून लावीन."

सोमवारी मी कचेरीतल्या साहेबांसमोर उभा राहिलो आणि माझी चूक सांगितली. सांगताना मला वाटलं होतं की ते मला झापतील. ते झापते तर बरं झालं असतं.

"अहो, एक 'च' असला काय नि नसला काय," साहेब म्हणाले. "लंगडेपांगळे कामावर चढवले तर रस्ता कधी व्हायचा?"

"साहेब, रस्त्यावरची ती बाई बसून खडी फोडते. सगळेच बसून फोडतात."

"उद्या कामावर पडलीबिडली तर?"

"आज उपाशी आहे, साहेब."

"अशा लोकांसाठी दुसरी काही योजना असेल."

"आहे का?"

"असेल," साहेब म्हणाले, आणि घंटी वाजवून शिपायाला पाणी आणायला सांगितलं. "आणि स्टेन्सिल संपलेत. नवी नोटीस काढायची तर वर विचारावं लागेल. विचारलं तर ते म्हणतील, जुनी का चुकली? मग तुमचं नाव सांगू?"

"सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तरुण आहात," ते म्हणाले. "जा, तुमच्या हातानं काय खोडायचं ते खोडा. माझी सही त्याला नाही."

'असेल' या शब्दाची व्युत्पत्ती कोणी शोधेल काय? किती माणसं त्या एका क्रियापदाच्या भरवशावर घरी पाठवली गेली असतील? त्याला लॅटिनही लागत नाही. ते आमचंच आहे, घरचं, अस्सल.

मंगळवारी दाढीचं पातं आणि पेन घेऊन मी रस्त्याच्या कामावर गेलो. अक्का तिथेच बसलेली. मी फळ्यापाशी जाऊन पात्यानं 'च' खरवडला. खळ घट्ट बसली होती, कागद सोलला गेला. कारकून छत्री मिटून धावत आला.

"अहो, अहो! सरकारी कागद आहे!"

"चुकीचा होता."

"बरं, 'च' काढलात. 'धडधाकट' तर आहेच की."

तो बरोबर बोलत होता. मग मी तोही शब्द आडवा खोडला आणि वर पेननं लिहिलं, 'हातांनी काम करू शकणाऱ्या'. लांबलचक आणि मिळमिळीत. डफ नाही, थाप नाही. ओळीखाली माझं नाव, हुद्दा आणि सही केली.

"साहेबांची सही?"

"माझी आहे."

कारकुनानं जरा विचार केला. मस्टर पुढे केलं. "मग जबाबदारी तुमची. इथेपण सही करा, तुमच्या सांगण्यावरून नाव घेतलं म्हणून." मी केली. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्या माणसाचा अक्कावर काही राग नव्हता. त्याला फक्त दुसऱ्या कोणाची तरी सही हवी होती, आणि बारा दिवसांत ती करणारं कोणी भेटलं नव्हतं.

मी अक्कापाशी जाऊन उकिडवा बसलो. "अक्का, तो कागद मी लिहिला होता."

हातोडी पहिल्यांदा थांबली.

"तू?"

"मीच."

"आनि त्या दिन माले वाची दखाडं, तवय नही सांगं?"

"नाही सांगितलं."

पलीकडची बाई आज हसली नाही. मला वाटलं, आता अक्का शिवी देईल. द्यावी, असंही वाटलं. तिनं बोटाची ट्यूबची पट्टी घट्ट केली.

"लिखता येस ना तुले?"

"येतं."

"मंग आते मना नाव तरी धड लिख."

मस्टर मी तिच्यासमोर आणलं आणि नाव लिहिलं. नवऱ्याचं नाव, गावाचं नाव. कारकुनानं वाकून विचारलं, "शेऱ्यात काय टाकू? लंगडी?" मी म्हटलं, "खडी." त्यानं तेच टाकलं. दुपारी सुकडीच्या रांगेत ती काठी टेकत गेली. तिचा वाटा घेतला आणि त्यातला अर्धा त्या पलीकडच्या बाईच्या पदरात ओतला. मला तिनं पुन्हा हाक मारली नाही. मीही थांबलो नाही, कारण अजून चार फळे होते.

दोन दिवस सायकलवर फिरलो. एका ठिकाणी नोटीस शेळ्यांनी खळीच्या वासानं खाऊन टाकली होती. त्या शेळ्यांना कचेरीपेक्षा मराठी अधिक कळत होतं. दोन ठिकाणी 'च' खरवडला, शब्द खोडला, सही केली. शेवटचं काम डोंगराच्या अगदी कुशीत, नालाबांधाचं. तिथल्या मुकादमाला मी विचारलं, "या कागदावरून कोणाला परत पाठवलंत का?"

"एक म्हातारा आला होता. एक हात नव्हता त्याला. म्हणे पाट्या उचलता येत नाहीत, पण पाणी वाटतो. मी कागद वाचून दाखवला. गेला."

"कुठल्या गावचा?"

"ते नाही विचारलं."

"का?"

मुकादमाला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "धडधाकट नव्हता ना, भाऊ. मग गाव विचारून काय करू?"

महिनाअखेर माझी हंगामी मुदत वाढवली नाही. कारण दिलं नाही, मी विचारलंही नाही. पण त्या दुपारी अजून नोकरी होती, सायकल कचेरीची होती, आणि बांधापासून दोन पायवाटा निघत होत्या. मी फळ्यावरचा शब्द खरवडला आणि डावीकडची धरली. तीन पाड्यांवर विचारलं. एक हात नसलेला म्हातारा कोणाला माहीत नव्हता. अंधार पडायच्या आत परत फिरून उजवीकडच्या वाटेला लागलो, तिथेही दोन पाड्यांवर विचारलं. दुसऱ्या पाड्यावरच्या बाईनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "नाव काय त्याचं?"

मला ते सांगता आलं नाही. कुठल्याच कागदावर नव्हतं.